गोडा मसाला हाताशी नसेल तेव्हा : परप्रांतातील मराठी स्वयंपाकघरासाठी घरगुती पर्याय

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्वयंपाकात ज्या एका जिनसाची उणीव वारंवार जाणवते, तो म्हणजे गोडा मसाला. तुरीची डाळ, गूळ, चिंच, तांदूळ या वस्तू देशाच्या कोणत्याही भागात मिळतात. मात्र चिंच-गुळाच्या आमटीला, भरल्या वांग्यांना आणि मसालेभाताला जो विशिष्ट गंध येतो तो या एका मसाल्यामुळे, आणि तो मसाला परप्रांतातील किराणा दुकानात सहसा नसतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या जुनी मराठी वस्ती असलेल्या शहरांत तो शोधल्यास सापडतो. लखनौ, भुवनेश्वर, गुवाहाटी किंवा कोइमतूर येथे राहणाऱ्यांना गावाकडून येणाऱ्या डब्याची वाट पाहावी लागते. घरपोच विक्रीमुळे अलीकडे पाकीटबंद गोडा मसाला मागवता येत असला, तरी तो किती महिन्यांपूर्वी दळलेला आहे यावर त्याची चव अवलंबून असते, आणि खोबरे व तीळ असलेला मसाला जुना झाला की त्याला खवट वास येऊ लागतो.

अशा वेळी बहुतेक घरांत जो उपाय केला जातो तो म्हणजे गोड्या मसाल्याऐवजी गरम मसाला घालणे. हा उपाय सोयीचा असला तरी समाधानकारक नाही. उत्तर भारतीय गरम मसाल्यात मिरे, लवंग, वेलची यांचा उष्ण आणि तीव्र भाग मोठा असतो, तर गोड्या मसाल्यात धणे हा पाया असून बाकीचे जिन्नस त्याभोवती थोड्या थोड्या प्रमाणात असतात. गरम मसाला स्वयंपाकाच्या शेवटी चिमूटभर घालण्याची पद्धत आहे. गोडा मसाला चमच्याने मोजून, पदार्थ उकळत असताना घातला जातो. म्हणूनच एकाच्या जागी दुसरा तितक्याच मापाने वापरल्यास आमटी जळजळीत होते आणि तिच्यातील आंबट-गोड तोल बिघडतो.

नाव आणि स्वभाव

'गोडा' या शब्दामुळे अनेक अमराठी शेजाऱ्यांचा असा समज होतो की या मसाल्यात साखर किंवा गूळ असावा. प्रत्यक्षात येथे 'गोडा' म्हणजे तिखट नसलेला. त्यात मिरची अत्यल्प असते किंवा नसते, कांदा-लसूण नसतो, त्यामुळे नैवेद्याच्या स्वयंपाकातही तो चालतो. पुण्याकडील अनेक घरांत यालाच काळा मसाला असेही म्हणतात. परंतु मराठवाडा, खानदेश, सोलापूर या भागांत काळा मसाला म्हटला की भरपूर लाल मिरची, भाजून काळसर केलेले खोबरे आणि पुष्कळदा कांदा असलेला झणझणीत मसाला समजला जातो. पाकृतीच्या पुस्तकात 'काळा मसाला' असे लिहिलेले असेल तर लेखिका कोणत्या भागातील आहे हे पाहून घेणे इष्ट. या एका शब्दामुळे फसलेल्या आमट्यांची संख्या कमी नसावी.

गोड्या मसाल्याची एकच एक प्रमाणित कृती नाही. धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे, तमालपत्र, दालचिनी, लवंग, शहाजिरे, मिरे, दगडफूल, नागकेशर, हळद आणि हिंग हे जिन्नस बहुतेक कृतींत आढळतात. मसाला वेलची, चक्रीफूल म्हणजेच बाद्यान, जायपत्री, खसखस आणि दोन-चार सुक्या मिरच्या ही घरोघरची भर. या यादीतील बहुतांश जिन्नस भारतभर मिळतात. अडचण येते ती दगडफूल आणि नागकेशर या दोहोंपाशी, आणि मसाल्याची ओळख नेमकी या दोहोंतच दडलेली आहे.

दगडफूल : नाव वेगळे, वस्तू तीच

दगडफूल हे फूल नव्हे. तो एक शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवल यांच्या सहजीवनातून तयार झालेला जीव. डोंगराळ प्रदेशात झाडांच्या सालींवर आणि खडकांवर तो वाढतो. मसाल्यात वापरला जाणारा शैवाक मुख्यत्वे पार्मोट्रेमा या प्रजातीतील असून तो एका बाजूने करडा-हिरवट आणि दुसऱ्या बाजूने काळा दिसतो. कच्च्या स्थितीत त्याला फारसा वास नसतो. गरम तेलात पडताच मात्र त्यातून मातीचा, धुराचा, किंचित लाकडासारखा गंध सुटतो. गोड्या मसाल्याचा डबा उघडताच जो 'ओळखीचा' वास येतो त्याचा मोठा वाटा याचाच.

दगडफूल मिळत नाही अशी तक्रार ज्या शहरांतून ऐकू येते, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी ते वेगळ्या नावाने दुकानात उपलब्ध असते. उत्तर भारतात त्याला छरीला किंवा पत्थर का फूल म्हणतात आणि लखनौ-दिल्लीकडील निहारी व बिर्याणीच्या मसाल्यांत ते वापरले जाते. दिल्लीच्या खारी बावलीच्या घाऊक बाजारात ते सहज मिळते. तमिळनाडूत त्याचे नाव कल्पासी. चेट्टिनाड पद्धतीच्या स्वयंपाकाचा तो मुख्य गंध असल्याने चेन्नई, मदुराई, कोइमतूर येथे तो शोधण्यास अडचण पडू नये. कन्नडमध्ये कल्लु हूवु, तेलुगूत राति पुव्वु अशी नावे आहेत आणि या सर्व नावांचा अर्थ दगडाशी निगडित आहे. बंगालमध्ये शैलज हे नाव ओळखले जाते. आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात शैलेय या नावाने विचारणा करता येते. उत्तराखंडाच्या जंगलांतून गोळा केल्या जाणाऱ्या शैवाकांना तेथे 'झूला' म्हणतात. मात्र त्या नावाखाली अनेक जातींचे मिश्रण असते आणि त्याचा बराचसा भाग सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाकडे जातो, म्हणून स्वयंपाकासाठी ते घेऊ नये.

येथे सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पूजासाहित्याच्या दुकानांत हवनसामग्रीसाठी छरीला विकला जातो. तो खाण्याच्या हेतूने साफ केलेला किंवा साठवलेला नसतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी झाडावर तसाच दिसणारा शैवाक पाहून तो काढून आणण्याचा मोह होतो. शैवाकांना मुळे नसतात. हवेतून आणि पावसाच्या पाण्यातून ते पोषण घेतात आणि त्यासोबत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही शोषून घेतात. हवेच्या प्रदूषणाची मोजणी करण्यासाठी शास्त्रज्ञ शैवाकांचा उपयोग करतात तो याच गुणामुळे. रस्त्याकडेच्या झाडावरील शैवाक मसाल्यात घालणे म्हणजे त्या रस्त्यावरचा धूर मसाल्यात घालणे होय. शिवाय सर्वच शैवाक खाण्यायोग्य नसतात, आणि जाती ओळखणे हे तज्ज्ञांचे काम आहे.

खरोखरच दगडफूल मिळाले नाही तर त्याची तंतोतंत जागा घेणारा दुसरा जिन्नस नाही, हे मान्य करून पुढे जावे लागते. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे मसाला वेलची, अर्थात बडी इलायची. सिक्कीम, दार्जिलिंगचा डोंगराळ भाग आणि नेपाळ येथे ही वेलची पारंपरिक भट्टीत धुरावर वाळवली जाते, त्यामुळे तिच्या सालीला धुराचा वास लागलेला असतो. मसाल्यात एरवी दोन वेलच्या घालत असल्यास दगडफुलाअभावी तीन घालाव्यात आणि सालीसकट भाजून दळाव्यात. त्याबरोबर सुके खोबरे नेहमीपेक्षा एक छटा अधिक गडद, तपकिरी रंगावर भाजावे. या दोन उपायांनी धुराची बाजू पुष्कळशी भरून निघते. मातीच्या वासाची बाजू मात्र उणीच राहते. वेलचीचे प्रमाण याहून वाढवल्यास कापरासारखा वास वर येतो आणि आमटीला पुलावाची छटा येते, म्हणून तेथेच थांबावे.

नागकेशराचा गुंता

नागकेशराच्या बाबतीत अडचण तुटवड्याची नसून नावाची आहे. आयुर्वेदीय ग्रंथांतील नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या, शास्त्रीय भाषेत मेसुआ फेरिया या वृक्षाच्या, फुलातील पिवळसर पुंकेसर. कोकणात सुरंगीच्या वाळवलेल्या कळ्यांनाही तांबडे नागकेशर म्हणतात. मराठी मसाल्यात जे काळसर, बारीक देठाचे, मिऱ्याहून लहान दाणे वापरले जातात ते या दोहोंहून निराळे असून दालचिनी-तमालपत्राच्या कुळातील झाडांची अपक्व फळे असतात. तमिळनाडूत त्यांना सिरुनागप्पू म्हणतात. परप्रांतात वाण्याकडे किंवा पंसाऱ्याकडे 'नागकेसर' मागितल्यास औषधी पुंकेसर हातात पडण्याची शक्यता मोठी असते. ते दळून मसाल्यात घातल्यास अपेक्षित चव येत नाही, आणि औषधी द्रव्य अशा रीतीने रोजच्या जेवणात घालणे योग्यही नव्हे. पुडी घेण्यापूर्वी दाणे पाहावेत. देठासह काळी बोंडे दिसली तरच ती मसाल्याची वस्तू.

पर्यायाच्या दृष्टीने हा गुंता एका अर्थी उपकारकही आहे. मसाल्याचे नागकेशर दालचिनी आणि तमालपत्राच्या घराण्यातील असल्याने त्याच्या अभावी त्याच घराण्याचा आधार घेता येतो. चार ग्रॅम नागकेशराच्या जागी दोन जास्तीची तमालपत्रे, दालचिनीचा बोटाच्या एका पेराएवढा तुकडा आणि सात-आठ मिरे घातल्यास फरक ओळखणे कठीण जाते. दगडफुलापेक्षा नागकेशराची उणीव भरून काढणे निश्चितच सोपे आहे.

दक्षिणेत आणखी एक फसवे नाव भेटते. कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगण आणि तमिळनाडूत 'मराठी मोग्गु' किंवा 'मराठी मोक्कु' नावाचा मसाला मिळतो. नावात 'मराठी' असल्यामुळे आणि आकार लवंगेच्या मोठ्या भावासारखा असल्यामुळे तो गोड्या मसाल्याचाच घटक असावा असे वाटते. तो सावरीच्या जातीच्या झाडाच्या कळ्यांपासून मिळतो, बिसी बेळे भात आणि चेट्टिनाड मसाल्यांत वापरला जातो, आणि पुण्या-साताऱ्याच्या गोड्या मसाल्याशी त्याचा काही संबंध नाही.

इतर जिनसांची नावे आणि रूपे

शहाजिऱ्याबद्दल कोलकात्यात विशेष सावध राहावे लागते. तेथे 'कालो जिरे' मागितल्यास कलौंजी मिळते, जिची चव कांद्याच्या बियांसारखी आणि पूर्णपणे वेगळी असते. हिंदी भाषक दुकानातही काला जीरा हे नाव दोन्ही वस्तूंसाठी चालते. शाही जीरा किंवा स्याह जीरा असे स्पष्ट सांगावे आणि दाणा पाहून घ्यावा : शहाजिरे बारीक, लांबट आणि किंचित वाकडे असते, तर कलौंजीचा दाणा टोकदार, कोनयुक्त आणि कुळकुळीत काळा असतो. शहाजिरे न मिळाल्यास साधे जिरे थोडे वाढवावे. कलौंजी घालू नये.

तमालपत्र भारतभर तेजपत्ता, तेजपात इत्यादी नावांनी मिळते आणि ते योग्यच असते. त्याच्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. परदेशी दुकानांत 'बे लीफ' म्हणून मिळणारे पान लॉरेल या वेगळ्या झाडाचे असून त्यात मधोमध एकच शीर असते आणि वास निलगिरीकडे झुकणारा असतो. लंडन, न्यू जर्सी येथील मराठी घरांत या अदलाबदलीमुळे मसाला बिघडतो. भारतीय तमालपत्र नसेल तर लॉरेलची पाने घालण्यापेक्षा दालचिनी आणि लवंग किंचित वाढवणे बरे.

सुक्या खोबऱ्याच्या जागी उत्तर भारतात अनेकदा मिठाईसाठीचा नारळाचा पांढरा चुरा वापरला जातो. हा चुरा ताज्या नारळाचा गर किसून वाळवलेला असतो. वाटीच्या खोबऱ्यात नारळ करवंटीत किंवा उन्हात सावकाश सुकल्यामुळे तेल एकवटलेले असते आणि भाजल्यावर त्याला खमंगपणा येतो. उत्तरेत हेच खोबरे 'गोला' या नावाने सुक्यामेव्याच्या दुकानात मिळते. कर्नाटकात ओण कोब्बरी, तेलुगू प्रदेशात एंडु कोब्बरी. पांढरा चुराच वापरायचा झाल्यास तो अगदी मंद आंचेवर, सतत हलवून तपकिरी करावा. त्याचे कण बारीक असल्याने तो क्षणात करपतो. गोड केलेला चुरा टाळावा.

हिंगाचा उल्लेख करताना एक बाब ध्यानात घ्यावी. बाजारातील बांधणीच्या हिंगात खऱ्या हिंगाबरोबर डिंक आणि गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते. घरात गव्हातील ग्लुटेन न चालणारी व्यक्ती असल्यास पाकिटावरील घटक वाचूनच हिंग निवडावा. भारत हिंगाच्या बाबतीत दीर्घकाळ आयातीवर विसंबून राहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हिंगाच्या रोपांची लागवड सुरू केली.

मूळ कृती आणि माप

पर्याय शोधण्यापूर्वी मूळ माप हाताशी असावे. साधारण २०० ग्रॅम मसाला होईल असे एक माप पुढीलप्रमाणे आहे. धणे १०० ग्रॅम, जिरे २० ग्रॅम, पांढरे तीळ २५ ग्रॅम, किसलेले सुके खोबरे २५ ग्रॅम. दगडफूल ६ ग्रॅम, जे वजनाला हलके असल्याने चांगले मूठभर दिसते. तमालपत्र, दालचिनी, शहाजिरे आणि मिरे प्रत्येकी ५ ग्रॅम. लवंग आणि नागकेशर प्रत्येकी ४ ग्रॅम. दोन मसाला वेलच्या, एक चक्रीफूल, चार सुक्या मिरच्या, एक चमचा हळद आणि अर्धा चमचा हिंग. चार माणसांच्या घराला आमटी व भाज्यांसाठी एवढा मसाला साधारण महिना-दीड महिना पुरतो.

प्रथम दगडफूल निवडून घ्यावे, कारण त्यात सालीचे तुकडे आणि बारीक खडे असतात. तीळ आणि खोबरे कोरडेच, वेगवेगळे भाजावे. बाकीचे जिन्नस कढईत चमचाभर तेलावर एकेक करून परतावेत. सर्व एकत्र टाकल्यास जिरे करपेपर्यंत दालचिनी कच्ची राहते. धणे सर्वांत शेवटी आणि मंद आंचेवर भाजावे. रंग किंचित बदलला आणि दाणा दाताखाली कुरकुरीत लागला की उतरवावेत. दगडफूल तेलात पडल्यावर कुरकुरीत होते आणि वास सुटतो, त्याला एखादे मिनिट पुरे. हळद आणि हिंग गरम कढईच्या उष्णतेवरच परतावेत.

सर्व जिन्नस पूर्ण थंड झाल्यावर दळावेत. तीळ आणि खोबरे मात्र अगदी शेवटी, मिक्सर थांबवत थांबवत फिरवून स्वतंत्रपणे कुटावे आणि मग मसाल्यात मिसळावे. सलग दळल्यास त्यांचे तेल सुटून मसाल्याचा लगदा होतो. डंक किंवा उखळ-मुसळ यांवर कुटलेल्या मसाल्याला अधिक चव असते असे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे : वेगाने फिरणाऱ्या पात्याखाली मसाला तापतो आणि सुगंधी तेले उडून जातात. मिक्सर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक वेळ सलग न चालवल्यास ही हानी बरीच टळते.

तयार मसाल्यांच्या आधाराने

दळण्याची सोय नाही आणि आमटी आजच करायची आहे, अशा वेळी घरात असलेल्या पुडांतून कामचलाऊ मसाला तयार करता येतो. चार चमचे धणेपूड आणि एक चमचा जिरेपूड कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजावी. त्यात भाजलेल्या तिळाचे कूट दोन चमचे, भाजलेल्या खोबऱ्याचे कूट दोन चमचे आणि गरम मसाला एक चमचा मिसळावा. गरम मसाला बडीशेपेच्या वासाचा नसावा. छरीला किंवा कल्पासी मिळाली असेल तर तिचे दोन-तीन तुकडे तेलात तळून, चुरून त्यात घालावेत. केवळ एवढ्या एका भरीने हे मिश्रण गरम मसाल्याच्या गोटातून निघून गोड्या मसाल्याच्या गोटात येते. हा मसाला एका आठवड्यात संपवावा.

गुजरातेतील वाचकांचे काम त्याहून सोपे आहे. तेथे धाणाजीरू ही धणे-जिऱ्याची मिश्र पूड घरोघरी असते आणि तोच गोड्या मसाल्याचा पाया आहे. वरचे सुगंधी जिन्नस तेवढे जोडायचे. बेंगळुरू, म्हैसूर येथे मिळणारा वांगीभाताचा मसाला हा गोड्या मसाल्याचा चुलतभाऊ म्हणता येईल. त्यात धणे, दालचिनी, लवंग आणि सुके खोबरे असते. पण हरभरा व उडीद डाळ आणि मिरचीही असते. मसालेभात किंवा भरल्या वांग्यांसाठी तो निम्म्या मापाने चालतो, आमटीत मात्र डाळींमुळे दाटपणा येतो आणि तिखटपणा चढतो. सांबार मसाला मुळीच वापरू नये. त्यातील मेथीचा कडवटपणा गुळाशी झगडतो. चेट्टिनाड मसाल्यात कल्पासी असली तरी बडीशेप आणि मिऱ्याचे प्राबल्य असते, त्यामुळे तयार चेट्टिनाड मसाला घेण्यापेक्षा त्याच दुकानातून सुटी कल्पासी घेणे शहाणपणाचे.

पर्याय वापरलेल्या मसाल्याची परीक्षा वासावरून न करता पदार्थात करावी. कोरड्या मसाल्यात जे उणे वाटते ते पुष्कळदा डाळ, गूळ आणि चिंच यांच्या संगतीत जाणवत नाही, आणि जे चांगले वाटते ते कधी कधी उकळल्यावर डोईजड होते. अर्धी वाटी शिजवलेल्या डाळीची आमटी करून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. आमटीला कोकमाऐवजी चिंच चालतेच. आसाममध्ये राहणाऱ्यांना तेथील थेकेरा हे वाळवलेले आंबट फळही वापरून पाहता येईल, कारण ते कोकमाच्याच कुळातील आहे.

कोकणी आणि गोमंतकीय स्वयंपाकातील तिरफळाविषयीही अशीच विचारणा होत असते. तिरफळ गोड्या मसाल्यात नसते; बांगड्याच्या आमटीत आणि काही भाज्यांत ते पडते. उत्तराखंड आणि नेपाळमध्ये मिळणारा टिमूर त्याच कुळातील असून जिभेला तशीच झिणझिणी आणतो. टिमूर अधिक तीव्र असल्याने तिरफळाच्या निम्म्यानेच घ्यावा, आणि तिरफळाप्रमाणेच त्यातील काळी बी काढून टाकावी.

परदेशी पाठवताना

गोडा मसाला परदेशातील मुलाबाळांना पाठवण्याची प्रथा जुनी आहे, आणि येथे चुकीची किंमत चवीपुरती राहत नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर येथे खसखस प्रतिबंधित आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी आहे. भारतात ती मुक्तपणे विकली जात असल्याने ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्या घरच्या कृतीत खसखस आहे तो मसाला या देशांत नेणाऱ्या प्रवाशावर कायदेशीर कारवाई होऊ शकते. उपाय सोपा आहे : त्या डब्यापुरती खसखस वगळून तितकेच पांढरे तीळ वाढवावेत. चवीत नाममात्र फरक पडतो. डब्यावर घटकांची यादी चिकटवणेही उपयुक्त ठरते, कारण तीळ हा अनेक देशांत ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांत गणला जातो आणि अमेरिकेत २०२३ पासून पाकीटबंद खाद्यपदार्थांवर त्याचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी तिळाच्या जागी खोबरेच वाढवावे. शेंगदाण्याचे कूट घालू नये, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी त्याहून अधिक घातक ठरू शकते आणि असा मसाला फार लवकर खवट होतो.

चक्रीफुलाच्या बाबतीतही दक्षता हवी. त्याच्याशी दिसायला मिळतीजुळती जपानी जात विषारी आहे. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाच्या चहामुळे अर्भकांसह काहींना झटके आल्याच्या घटनांनंतर जाहीर इशारा दिला होता. मसाल्यात एखादेच फूल पडते, तरीही ते खात्रीच्या मसाल्याच्या दुकानातूनच घ्यावे, सजावटीच्या किंवा सुगंधी पोटपुरीच्या वस्तूंतून घेऊ नये.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने भारतातून आलेल्या काही पाकीटबंद मिश्र मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर करून त्यांची विक्री थांबवली, आणि त्यानंतर मसाला घरी करण्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. घरी केलेला मसाला आपोआप निर्दोष असतो असे मात्र नाही. अख्खे जिन्नस ओलसर किंवा बुरशी लागलेले असल्यास दळल्यानंतर ते ओळखू येत नाही. धणे, मिरची आणि खोबरे विकत घेताना मधला एखादा दाणा व तुकडा फोडून पाहावा आणि आतील बाजू काळवंडलेली असल्यास घेऊ नये.

साठवण

मसाला काचेच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावा. कोलकाता, चेन्नई, मुंबई यांसारख्या दमट हवेत खोबरे व तीळ असलेला मसाला बाहेर दोन महिन्यांहून अधिक चांगला राहत नाही. फ्रीजमध्ये तो सहा महिने टिकतो. ज्यांना वर्षातून एकदाच दगडफूल आणि नागकेशर आणणे शक्य आहे त्यांनी संपूर्ण वर्षाचा मसाला एकदम दळू नये. हे दोन्ही जिन्नस अख्खे, कोरडे आणि हवाबंद ठेवल्यास वर्षभर गुण सोडत नाहीत. बाकीचे सारे स्थानिक बाजारातून घेऊन दर दीड-दोन महिन्यांनी ताजा मसाला करता येतो. बरणीतून मसाला काढताना चमचा कोरडा असावा, आणि उकळत्या आमटीवर बरणी धरून मसाला झटकू नये; वाफ आत जाऊन गुठळ्या होतात.